करंगळी

पाच किलो मिरची खुडून झाली
की मी चार लिहायचे.
पहिल्याच दिवशी शेठनं समजावलं होतं :
एक किलो घट. ओलीची, देठांची,
विचारलंच कुणी तर काट्याची.
तीन वर्षांत कुणी विचारलं नाही.
माझं अक्षर चांगलं, म्हणून मला खुर्ची.
चाळीस बायकांत एकटीला खुर्ची
आणि नाकाला बांधायला धुतलेला रुमाल.

नंदुरबारच्या बाहेर, पथारीवर
माघात जमीन दिसत नाही.
लाल, नुसतं लाल,
आणि त्यात मधूनमधून एकेक वाकलेली पाठ.
बिस्मिल्लाबी पोराला पाजण्याआधी
हात ताकानं धुते, गुळानं चोळते, पुन्हा ताकानं धुते.
तरी ते छातीला लागतं आणि किंचाळतं.
जतनीबाई रात्री तळवे माठाला लावून झोपते.
हे मला माहीत होतं.
वहीत त्याला रकाना नव्हता.

रुमली वळवी धडगावाकडची.
माहेरच्या कुडावर तिनं एकदा घोडे काढले होते,
ओळीनं सतरा,
अठराव्याला पाय काढायच्या आत बापानं शेण फासलं.
हे ती हसत सांगायची, खुडता खुडता,
आणि पुढे म्हणायची,
तो अठरावा अजून उभाच आहे कुठेतरी,
बिनपायाचा.

त्या दिवशी नंबर टाकणारा हमाल लग्नाला गेलेला.
निळ्या रंगाचा डबा उघडाच.
रुमलीनं त्यात उजवा हात बुडवला
आणि आपल्या गोणीवर थापला.
अंगठा, तीन बोटं.
मला वाटलं, रंग नीट लागला नाही.
दुसऱ्या गोणीवर तेच.
तिसऱ्या वेळी मी नीट पाहिलं :
ती करंगळी मुडपून घेत होती.

संध्याकाळपर्यंत
बिस्मिल्लाबीचा लहानसा पंजा,
जतनीबाईचा सांध्यात वाकडा,
कुणाचा घाईत पसरलेला.
चाळीस गोण्या, चाळीस हात,
एकालाही पाच बोटं नाहीत.
मोजणं माझं कामच होतं. मी मोजली.

इंदूरचा व्यापारी आला,
गोणीवर हात फिरवला. "मार्का झकास आहे, शेठ.
हातानं निवडलेला माल! बाजारात चालेल."
शेठ आधी चिडणार होता, तो हसला.
"सगळ्यांवर मारा. फक्त पाच बोटं करा,
थोटा हात अशुभ दिसतो.
गोणीमागं दोन रुपये जास्त देतो."

कुणीच बोललं नाही.
दोन रुपये म्हणजे किती, ते खुर्चीवरून कळत नाही.
जतनीबाईनं रुमलीकडे बघितलं,
मग आपल्या बोटांकडे, मग खाली.

रुमलीनं हात लुगड्याला पुसला.
शेठकडे नाही, व्यापाऱ्याकडे नाही,
माझ्या टेबलाकडे तोंड करून म्हणाली :
"पाचवं बोट वहीमा शे."

पुढची गोणी काट्यावर आली.
काटा पाचाच्या पटीत थांबला, तिथेच राहिला.
मी आहे तेच लिहिलं.
तीन वर्षांत पहिल्यांदा
माझं अक्षर बिघडलं.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही.
खुर्ची गेली.
काटा बदलला, की पुसून परत ठेवला,
यावर बायकांत दोन मतं आहेत.
चार जणी दुसऱ्या पथारीवर गेल्या,
तिथे गोण्यांवर हात दिसू लागलेत असं ऐकते.
रुमली हल्ली भर दुपारी कोळशानं
गोदामाच्या मागच्या भिंतीवर काहीतरी करते.
विचारलं तर म्हणते, पाय.

मी खुडते आता.
पहिल्या रात्री ताक पुरलं नाही.
परवा माझी पहिली गोणी भरली,
डब्यात हात घातला
तर प्रत्येक चिरेत निळं झोंबलं.
थापणार, इतक्यात थांबले.
आधी काट्याकडे पाहिलं,
मग वहीकडे, तिथे नवी पोरगी बसलीय,
अक्षर छान आहे तिचं,
आणि मग करंगळीकडे.