ठोके

विजयदुर्गच्या खाडीत ओहोटीला
होडी कुशीवर पडलेली,
आणि बाबल मेस्त, माझा बाप, हातोडी घेऊन
कुठेही ठोकतो. खरंच कुठेही.
"खंय ठोकूचा ता आधी ठरवू नुको.
तुका म्हायत, तर किड्याकय म्हायत."

एक ठोका पोकळ आला की संपलं,
फळी काढा.
वीस भरीव आले तरी "चांगली" म्हणत नाही,
"जावक हरकत नाय" म्हणतो.

रात्री पडवीत
मी तीनशे आकडी संख्या ठोकत बसते.
मूळ आहे का?
विभाजक शोधायला सूर्याचंही आयुष्य पुरणार नाही.
मग वाटेल तो साक्षीदार उचलते, विचारते.
संयुक्त असती
तर दर चारांत तिघे तरी फितूर.
चाळीस झाले.
कुणी काही बोललं नाही.

अशी अजून एक मिळाली
की दोघींच्या गुणाकाराचं कुलूप,
आणि त्याच्या भरवशावर
मस्कतहून कुणाचा तरी पगार
गिर्ये गावात उतरणार.

सिद्धता नाही माझ्याकडे. ठोके आहेत.

पहाटे भरती लागली.
पहिल्या फेरीला बाप स्वतःच चढला,
पाणी उपसायचं डबडं
पायाशी ठेवून.