सात फळ्या

रेव्हन्सबीचा समुद्र तपकिरी.
चहात बुडवलेलं बिस्किट हातातल्या हातात सुटावं
तसा इथला चिकणमातीचा कडा सुटतो.
अहवालात मी असं लिहिलं नाही.
लिहिलं : सरासरी धूप, वर्षाला एक पूर्णांक नऊ मीटर.

वाट म्हणजे दोन चाकोऱ्या, मधे गवत.
पाच घरं, खेकड्यांच्या तीन होड्या,
आणि बुधवारची कचऱ्याची गाडी,
जिचा ड्रायव्हर शेवटचं वळण आता
आरसा दुमडून घेतो.

काउन्सिलने पैसे दिले नव्वद मीटरचे.
वाट एकशे चाळीस.
उरलेल्या पन्नासांचं काय,
कीथ ब्लेन्किनने सभेत विचारलं, टोपी न काढता.
ते पन्नास त्याच्या वाटाण्याच्या शेतालगतचे.
भिंत जिथे संपते तिथे पाणी जास्त चावतं
हे मला ठाऊक होतं, त्यालाही.
मी नकाशाची घडी घातली,
भलत्याच रेषेवर.

दगड नॉर्वेहून आले, तराफ्यावर बसून,
सहा-सहा टनांचे, करडे,
व्हिसाची मुलाखत न देता.
क्रेनवाला एकेक असा ठेवायचा
जणू खाली कुणी निजलंय.

नोरा स्टॅथर्स वय वर्षं एक्क्याऐंशी,
गाडीच्या बॉनेटवर पसरलेल्या आराखड्यावर
भिंगासकट ओणवी.
या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवून म्हणाली,
छान आहे. आणि मी खाली कुठून उतरू?

कुठूनच नाही.
समुद्रापासून वाट वाचवताना
मी विसरले होते
की वाट समुद्राकडेच जात होती.

आमच्या खाडीवर बाबा खारबांधाची उघाडी सांभाळत.
भांगाच्या दिवसांत निवांत बिडी,
आवस-पुनवेच्या उधाणाला रात्रभर कंदील.
बांध दाखवा म्हणून साहेब आले
की बाबा आधी त्यांना उघाडीवर न्यायचे.
साहेब घड्याळ बघायचे.
मीही तशीच साहेब होऊन बसले होते, हलच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर.

आराखडा परत काढला.
भिंतीत तीन मीटरची फट, होड्यांपुरता उतार,
दोन्ही बाजूंना खाचा,
आणि उधाणाचा इशारा आला की
खाचांत सोडायच्या ओकच्या सात फळ्या.
खाच खाली निमुळती,
म्हणून एकीची जागा दुसरीला चालत नाही.

आकडे मीच रंगवले, पिवळ्या रंगाने.
नोव्हेंबर. बोटं बधिर.
तिसऱ्या फळीवर आल्यावर कळलं
की हाताने आपलेच आकडे काढलेत.
खोडायला टर्पेंटाइन नव्हतं.
पुढचे चार तसेच काढले.

जानेवारीत रात्री पावणेतीनला फोन.
आधी नुसता वारा. मग नोरा :
नऊ सगळ्यात खाली, ते पाठ आहे आम्हाला.
(ते नऊ नाही, एक आहे. असू दे.)
मग दोन, मग तीन, ते तर आमच्यासारखेच.
पण आता एक आठ आलाय,
डोकं उडालेला. तो कितवा?

चार, मी म्हटलं. तोच लावा.

लाकडावर लाकूड बसल्याचा आवाज,
मागे पाणी, कुणाचा तरी खोकला.
फळी कोण धरतंय, मी विचारलं.
कीथ, ती म्हणाली, आणखी कोण.

फोन त्याच्याकडे गेला.
शेताबद्दल तो काही बोलला नाही.
त्या आठवड्यात त्याचे दोन मीटर गेले होते,
ते मला नंतर कळलं, मोजणीला गेल्यावर.
एवढंच म्हणाला, पुढची कशी दिसते?

अंथरुणात उठून बसले.
अंधारात बोटाने हवेत पाच काढला,
परत काढला,
आणि त्याला तो कसा सांगावा
ते शोधत राहिले.