चुन्याचा ठिपका

दिवसा बागेत कुणीच सापडत नाही.
पालकाच्या उरल्यात फक्त शिरा,
झेंडूचा शेंडा गायब,
आणि विटेवरून गेलेली एक चकाकती रेघ, वाळलेली.

कसबा बावड्यात अकराला गल्ली निजते.
कारखान्याची चिमणी अजून थंड, दसरा व्हायचाय.
मी दुसऱ्या पाळीहून येते, डबा घासते,
बॅटरी घेते आणि वाफ्यात ओणवी होते.

उजेड वरून मारायचा नाही, हे महिन्यानं कळलं.
जमिनीलगत आडवा धरायचा.
मग ढेकळा-ढेकळाला सावली फुटते
आणि त्यातली एखादी चालायला लागते.

वांग्याच्या बुडाशी बोट घातलं की
कुरतडणारी अळी, करडी, वळलेली,
कानातल्या बाळीएवढी.
ती साबणाच्या पाण्यात. तिचं मला काही वाटत नाही.
पण गोगलगायीवर मीठ टाकलं
आणि तिला जो फेस आला,
त्या रात्री भाकरी घशाखाली गेली नाही.
तेव्हापासून मी त्या भिंतीपलीकडं टाकते,
मगदूमकाकांच्या अळूत.

तेरा टाकल्या तरी दुसऱ्या रात्री तेराच.
शेवटी लेकीचं नेलपॉलिश आणलं,
एकेकीच्या पाठीवर लाल टिकली लावली
आणि सासरी धाडल्या.

तिसऱ्या रात्री माहेरी हजर.
टिकली जागच्या जागी,
आणि शेजारी, बोटानं लावलेला,
चुन्याचा पांढरा ठिपका.

मी बॅटरी विझवली.
भिंतीपलीकडंही एक विझली.

बराच वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही.
मग बाळगोंडा मगदूम,
फौंड्रीतले निवृत्त पॅटर्नमेकर,
ज्यांच्या घरी पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत
आणि दिवस मावळायच्या आत ताटं उचलतात,
अंधारातनं म्हणाले,
"मारवत न्हाई ओ, विजयमाला."
"मला तरी कुठं," मी म्हटलं.
"अळू मात्र पार खाल्लं की हो तुमच्या लेकींनी."

आता बादली एकच, भिंतीवर ठेवलेली.
ते तिकडनं टाकतात, मी इकडनं.
वर जाळीचं झाकण, झाकणावर वीट.
पहाटे काका ती सायकलला अडकवून
नदीच्या अंगाला पडीक रानात रिकामी करून येतात.
परत आल्यावर हात धुतात, दोनदा.

काल रात्री दोडक्याच्या मांडवाखाली
एक जुनी, जड, ओळखीची सापडली.
लाल ठिपका. पांढरा ठिपका.
आणि त्यांच्या मधोमध,
अजून पुरता न वाळलेला,
निळा.