बर्फखाना

पाडायचा नाही, असं आर्किटेक्ट बाई म्हणाल्या
तेव्हा आम्ही मुकादम लोक हसलो.
दारूखान्याच्या मागच्या गल्लीतला बर्फाचा कारखाना,
अमोनियाचा वास अजून कोपऱ्यात दबा धरून,
भिंती दोन हात जाड, आत बुचाचा थर.

नाझनीनबाईंनी भिंतीला गाल लावला.
"ही राहू द्या. एसी लागणार नाही."

लागला तो वेळ. खाऱ्या पाण्याचा हौद
पावसाच्या पाण्यासाठी दोनदा लिंपला, दोनदा गळला.
छतावर सोलर चढला, कबुतरांनी लगेच ताबा घेतला.
जुन्या सागाच्या दारांना रंधा मारून बाकं केली;
एका बाकावर आकड्याचा ओरखडा राहिला,
कितीही घासा, जाईना.
हिशेबात मी त्याला 'किरकोळ' लिहिलं.

भास्कर तांडेल रोज यायचा, कामाशिवाय.
एकतीस वर्षं इथे लाद्या ओढलेल्या,
उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर.
"पोरांना थंडी वाजंल," एवढंच म्हणायचा.

एप्रिलच्या शेवटी एक वर्ग भरवून पाहिला,
वीस पोरं, पंखे बंद.
बाहेर ट्रकच्या चाकांना डांबर चिकटत होतं.
शाहीन नावाची एक मुलगी भिंतीला पाठ टेकून बसली,
मग वळून तिनं भिंतीवर टकटक केली:
"आत अजून बर्फ आहे का?"

बाई काही सांगणार होत्या, बुचाबद्दल, हवेबद्दल.
तांडेल पुढे आला.
त्यानं ती दोन बोटं भिंतीवर ठेवली
आणि बराच वेळ
तशीच ठेवली.