तारेवरचं पिंप

गावाच्या पाटीवर आकडा आहे सहाशे बारा.
तो खोटा आहे हे सहाशे बाराही जणांना ठाऊक आहे,
म्हणजे त्यातले जे उरलेत त्यांना.
आकडा बदलायचा तर बैठक बोलवायला हवी,
आणि बैठकीत कुणीतरी मोठ्यानं म्हणायला हवं
की हायस्कूल गेलं, वाणसामानाचं दुकान गेलं,
डॉक्टर तर कधीचाच गेला.
त्यापेक्षा दर जूनमध्ये आम्ही
त्याच आकड्यावर तोच पांढरा रंग फिरवतो.

ऑगस्टचा पहिला शनिवार मक्याचा.
माइक माझ्याकडे असतो, चौदा वर्षं झाली.
मी इथला शेवटचा पोस्टमास्तर,
सगळ्यांची आडनावं मला धड म्हणता येतात
एवढीच माझी लायकी.

सकाळी मिरवणूक. सतरा ट्रॅक्टर, एक घोडा,
आणि शाळेचा बँड, जो आता डनफोर्डचाही आहे,
म्हणून निम्मे कोट लाल, निम्मे हिरवे.
पण ट्युबा आमची.
आर्डिथ कुबिचेकचा नातू तिच्या आत कुठेतरी होता,
बूट तेवढे दिसत होते.
ट्रॅक्टरवरून गोळ्या-चॉकलेटं उधळली,
पोरं कमी पडली,
मग म्हातारेच वाकले, गुडघ्यांवर हात ठेवून,
इकडंतिकडं बघत.

कत्तलखान्यातली रात्रपाळी उरकून आलेली येसेनिया
भाजल्या कणसांना लिंबू आणि तिखट चोळते.
पहिल्या वर्षी तिच्यापुढे कुणी उभं राहिलं नव्हतं.
यंदा लोणीवाल्या व्हर्लिनची रांग
वळून तिच्याच रांगेला मिळाली.
व्हर्लिन म्हणाला, बरं झालं, जरा बसता तरी आलं.
मग उठला, आणि तोही रांगेत लागला.

तीन वाजता पिंप.
दोन खांबांमध्ये तार, तारेवर लटकलेलं रिकामं पिंप,
एका अंगाला आमचे अग्निशामक, दुसऱ्या अंगाला डनफोर्डचे,
पाण्याच्या फवाऱ्यानं ढकला, ज्याच्या हद्दीत गेलं तो हरला.
सगळे बिनपगारी. न्हावी, ट्रकवाले, एक दाताची नर्स.
डनफोर्डशी आमचा दावा आजोबांपासूनचा,
मूळ भांडण कशावरून ते आजोबांनाही सांगता यायचं नाही.

पिंप जेमतेम हललं असेल
आणि भोंगा झाला.
खेळातला नव्हे, खरा.
पूर्वेला धूर. ओरिन ग्रोथेचा गोठा, वाळल्या गवतासकट.
नळ्या गुंडाळायलाही कुणी थांबलं नाही.
लाल कोटवाले हिरव्यांच्या गाडीत चढले, हिरवे लालांच्या,
जी आधी सुरू झाली तिच्यात.

मागे उरला चिखल, तीनशे माणसं,
आणि हातात माइक घेतलेला मी.
काय बोलणार?
गेलेल्यांची नावं वाचली. एकेक, सावकाश.
डनफोर्डवाल्यांचीही वाचली. चुकली नाहीत.
मग पुन्हा पहिल्यापासून वाचली.

लेमानांची नऊ वर्षांची टेस तारेखाली फतकल मारून बसली.
वारा सुटला की वर बघून दटावायची,
"हलायचं नाही हं."
आई दोनदा बोलवायला आली. दोन्ही वेळा नुसती परत गेली.

काळोख पडताना गाड्या आल्या.
गोठा गेला, गुरं वाचली.
ओळखू येईनात कोण कुठला,
सगळे एकाच काळ्या रंगाचे.
येसेनियानं शेगडी विझवलीच नव्हती.
पिंपाकडे कुणीतरी मान वर करून पाहिलं,
पण टाक्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

टेस तशीच आडवी झाली होती.
तिच्यावर एक जड कोट पडला होता, डनफोर्डचा,
धुराचा वास येणारा.

शिडी लावून टेपनं मोजलं:
पिंप त्यांच्या हद्दीत दोन फूट.
ते म्हणतात दीड.
अख्खा हिवाळा यावर निघेल.