ओरिनसाठी गर्दी

आमच्या बेटावरची शाळा आठवीला संपते.
पुढचं हायस्कूल समुद्रापलीकडे, मेनच्या किनाऱ्यावर,
टपालाच्या बोटीनं दोन तास, वारा ऐकत असेल तर.
एक खोली, पाच मुलं, एक मी.
आठवीत यंदा एकटा ओरिन बील:
वर्गात पहिलाही तोच, शेवटचाही तोच.

मे महिन्यात मी एक कुलूप मागवलं,
आकडे फिरवून उघडायचं.
उजवीकडे सव्वीस, डावीकडे पूर्ण फेरा टाकून चार,
पुन्हा उजवीकडे एकोणीस.
धुक्यात नुसत्या इंजिनावरून
कुणाची होडी येतेय ते सांगणारा पोरगा,
हातमोज्यांसकट अंधारात गाठ मारणारा,
त्या कुलपापुढे रडकुंडीला आला.
"आमच्या घराला कुलूपच नाही," म्हणाला.
खरं होतं. माझ्याही नाही.

"तिथं किती मुलं असतील?"
चारशे, मी म्हटलं.
हिवाळ्यात बेटावर आम्ही एकेचाळीस.
तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला,
"म्हणजे बाबांच्या सापळ्यांच्या निम्मी."
आणि जरा सैलावला.
शेवंडीचा सापळा कितीही खोल असो,
वर बोया तरंगतो, रंगावरून कळतं कुणाचा.
माणसांना बोये नसतात,
हे मी तेव्हा बोलले नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी गर्दी बोलावली.
व्हरांडा बारा पावलं लांब, दोन माणसं रुंद.
सव्वीसजण आले, हातात मिळेल ती वही-पुस्तकं,
टपालवाल्या फोस्टरबाई,
दोन कोळी रबरी पँटीतच,
कुणाचं तान्हं पोर, कुणाची कुत्री.
मी घंटा हाणली: चार मिनिटं!
आणि बेट एकमेकांच्या अंगावर येऊ लागलं.
व्हर्नल मध्येच खांबासारखा उभा,
"मी बारावीतला दांडगा," म्हणाला. वय एक्याऐंशी.
ओरिन ज्याला त्याला वाट देत राहिला;
वेळ संपली तेव्हा होता तिथंच होता.
तिसऱ्या खेपेला त्यानं खांदा तिरका केला,
लाटेला होडी घालतात तसा,
आणि पार झाला.
टाळ्या पडल्या. कुत्री भुंकली.

मग जेवणाची सुट्टी:
ताट घेऊन अनोळखी टेबलाशी जायचं.
टेबलावर थेडा बसली होती.
हिनंच त्याला पहिल्यांदा हातात घेतलं होतं,
वादळात हेलिकॉप्टर उतरलं नाही त्या रात्री.
मी तिला आधी सांगून ठेवलं होतं.
तिनं मान वर केली. "तू कोण?"

ओरिन हसला.
ती हसली नाही. "तू कोण, विचारते मी."

काय शिकवायचं राहिलं ते मला तेव्हा कळलं:
चौदा वर्षांत या पोराला
स्वतःचं नाव सांगायची वेळच आली नव्हती.
"मी..." म्हणाला, आणि बापाकडे बघितलं.
बाप बुटांकडे बघत होता.
"ओरिन."
"ऐकू नाही आलं."
"ओरिन बील!"
"बस मग, ओरिन," थेडा म्हणाली,
आणि आपल्या ताटातला बटाटा त्याच्या ताटात टाकला.
हे काही मी तिला सांगितलं नव्हतं.

सोमवारी बोट गेली.
शुक्रवारी वारा होता, बोट आली नाही, फोन आला.
कुलपाचं काही कामच नाही, बाई,
सगळे दप्तर पाठीवरच घेऊन फिरतात.
व्हर्नलला सांगा, त्याच्यासारखे तीन आहेत.
बाकी? मी विचारलं.
पलीकडे, तो राहतो त्या घरात,
कुणाचं तरी भांडं पडलं.
बाकी एकानं विचारलं, कुठलं बेट?
कुठलं, म्हणे!

आता बाकं चार भरलेली.
पाचव्यावर ते कुलूप पडलंय.
सहावीतली मॅरेन मधल्या सुट्टीत ते फिरवत बसते,
कानाला लावून.
आकडे मी तिला अजून सांगितलेले नाहीत.