एव्हारिस्तोच्या दुरुस्त्या

शनिवारी, पुरतं उजाडायच्या आत, कोस्तानेरा सुरच्या फाटकाशी
आम्ही पाच-सहाजण. आडनावं कुणाची कुणाला ठाऊक नाहीत.
नेलिदा म्हणजे पाणकोंबड्यांवाली,
रुफिनो म्हणजे उशिरा येऊन सगळं उडवून लावणारा,
आणि एव्हारिस्तो: ज्याचं बोट आधी उठतं, दुर्बीण मागून.
येर्बाच्या कडू चहाचं भांडं हातोहात फिरतं,
एकच नळी, सगळ्यांच्या ओठांना.

तीन शनिवार एव्हारिस्तो आला नाही.
खोकल्यावरून सांगू शकतो आम्ही
तो कुठल्या वळणावर उभा आहे.
पण घर?
लानूसला, म्हणे. की बोकात?
रुफिनो म्हणाला, त्याला मुलगी आहे.
नेलिदा म्हणाली, ती पुतणी.
भांडं त्याच्या जागेपाशी येऊन जरा अडखळायचं.

चौथ्या शनिवारी आला. मोतीबिंदू काढलेला,
काळा चष्मा, काखेत आठ वह्या.
“सगळं चुकलंय,” म्हणाला, गुडमॉर्निंग नाही की काही नाही.
“हे बदक तपकिरी नाहीच, चक्क तांबडं आहे!
दोन हजार अकराचा तो ससाणा खोडा.
आणि नेलिदा, साक्षीदार म्हणून सही तुझी आहे.”

नेलिदा भडकली. “मी पाहिला होता!”
अर्धा तास भांडले, वह्या ओल्या गवतावर पसरून.

परतताना ती मला हळूच म्हणाली,
“ऊन डोळ्यांवर होतं रे. दिसलं काहीच नाही.
पण तो इतका खूश होता त्या दिवशी…”

तेवढ्यात लव्हाळ्यात काहीतरी ओरडलं,
आणि पुढे, वळणावर,
खोकला एकदम थांबला.